विश्लेषण : न्यूटनचे सोने कसाला कमी पडले तेव्हा… २२ कॅरेट, ९१६ आणि शुद्धता मोजण्याची गोष्ट

सराफाच्या दुकानात पाटली किंवा मंगळसूत्र हातात घेतले की आतल्या बाजूला भिंगाशिवाय न दिसणारा एक आकडा असतो. तो म्हणजे ९१६. दुकानदार म्हणतो, एकदम चोख बावीस कॅरेट आहे. आपण मान डोलावतो आणि पैसे देतो. पण हा आकडा ठरवतो कोण? तो बरोबर आहे हे तपासतो कोण? आणि तपासणाऱ्याची मोजपट्टीच चुकीची असेल तर?

हा शेवटचा प्रश्न सुमारे तीनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये एका माणसाला पडला होता. त्याच्या देखरेखीखाली पाडलेली सोन्याची नाणी परीक्षेत कमी कसाची ठरली होती. अब्रूचा प्रश्न होता, कारण तो माणूस साधासुधा सरकारी अधिकारी नव्हता. त्याचे नाव आयझॅक न्यूटन.

न्यूटनचा आणि सोन्याचा संबंध काय?

गुरुत्वाकर्षण, गतीचे तीन नियम, प्रकाशाचे सात रंग. शाळेत न्यूटन इथपर्यंतच भेटतो. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांतही त्याच्या नावाचे एकक आणि समीकरणे घोकून घेतली जातात, पण तो आयुष्याची शेवटची ३१ वर्षे टांकसाळीत नोकरीला होता, हे कोणी सांगत नाही.

जुन्या इंग्रजी पंचांगानुसार २५ डिसेंबर १६४२ रोजी लिंकनशायर परगण्यातल्या वूल्सथॉर्प या खेड्यात त्याचा जन्म झाला. वडील त्याआधी तीन महिने वारले होते. तो तीन वर्षांचा असताना आईने दुसरे लग्न केले आणि त्याला आजीकडे ठेवले. पुढे ग्रँथम गावातल्या शाळेत शिकताना तो एका औषधविक्रेत्याच्या घरी राहत होता. क्षार, आम्ले, तराजू आणि खलबत्ता यांच्याशी त्याची ओळख तिथेच झाली.

१६६१ मध्ये तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला. १६६५ मध्ये प्लेगमुळे विद्यापीठ बंद पडले आणि तो गावी परतला. गणित, प्रकाश आणि गुरुत्वाकर्षण यांवरच्या त्याच्या मोठ्या कल्पनांची सुरुवात त्या काळात झाली. १६६९ मध्ये, वयाची सत्तावीस वर्षेही पूर्ण झाली नसताना, तो गणिताचा प्राध्यापक झाला.

पण त्याच्या खोलीशेजारी एक प्रयोगशाळाही होती. भट्ट्या त्याने स्वतः बांधल्या होत्या. आरशाची दुर्बीण तयार करताना आरशासाठी लागणारा मिश्रधातूही त्याने स्वतःच ओतला. हलक्या धातूंचे सोने करण्याच्या किमयेवर त्याने लाखो शब्दांच्या नोंदी केल्या. सोने काही तयार झाले नाही. पण मूस, भट्टी आणि तराजू यांचा अनुभव त्याच्या हाताशी राहिला. तो पुढे कामाला आला.

तो टांकसाळीत कसा पोहोचला?

१६८७ मध्ये त्याचा प्रिन्सिपिया हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि युरोपभर नाव झाले. १६८९ मध्ये तो केंब्रिज विद्यापीठाचा प्रतिनिधी म्हणून संसदेत गेला. १६९३ मध्ये मात्र त्याची मानसिक अवस्था फार बिघडली. झोप उडाली, मित्रांवर संशय घेणारी पत्रे त्याने लिहिली. त्यातून तो सावरला, पण केंब्रिजमध्ये मन रमेना.

१६९६ मध्ये त्याचा मित्र आणि इंग्लंडचा अर्थमंत्री चार्ल्स माँटेग्यू याने त्याला लंडनच्या टांकसाळीत वॉर्डन हे पद मिळवून दिले. ही जागा आरामाची मानली जात होती. पगार घ्यायचा आणि अधूनमधून फेरी मारायची, असा रिवाज होता. न्यूटनने तो मोडला.

तेव्हा इंग्लंडचे चलन मोडकळीला आले होते. हातोड्याने ठोकून बनवलेल्या जुन्या चांदीच्या नाण्यांच्या कडा लोक कातरून घेत आणि ती चांदी वितळवून विकत. बाजारात वजनाने कमी भरणारी आणि बनावट नाणी फिरत होती. म्हणून सगळी जुनी नाणी परत घेऊन, वितळवून, यंत्रावर नवीन पाडायचे ठरले होते.

टांकसाळ टॉवर ऑफ लंडनच्या तटबंदीत होती. न्यूटन तिथे उभा राहून काम बघू लागला. किती माणसे, किती घोडे, छापयंत्राचे मिनिटाला किती ठोके, याची त्याने मोजदाद केली. एक यंत्र मिनिटाला ५० ते ५५ नाणी छापू शकते, असा त्याचा हिशेब होता. ब्रिस्टल, चेस्टर, एक्झिटर, नॉर्विच आणि यॉर्क इथे तात्पुरत्या टांकसाळी उघडल्या गेल्या. चेस्टरच्या टांकसाळीत त्याने मित्र एडमंड हॅलीला पाठवले. धूमकेतूमुळे आपल्याला माहीत असलेला हॅली तो हाच.

बनावट नाण्यांचे प्रकरण काय होते?

वॉर्डनच्या कामात आणखी एक गोष्ट येत होती. बनावट नाणी पाडणाऱ्यांना पकडून त्यांच्यावर खटले चालवणे. या गुन्ह्याला राजद्रोह मानून मृत्युदंड दिला जाई. हे काम आपल्याकडून काढून घ्यावे, अशी विनंती न्यूटनने सुरुवातीला केली होती. ती मान्य झाली नाही. मग त्याने ते काम भौतिकशास्त्राइतक्याच चिकाटीने केले. खबरे नेमले, तुरुंगात जाऊन जबाब घेतले, शेकडो पानांचे पुरावे जमवले.

त्याचा सर्वांत मोठा शिकार होता विल्यम चॅलोनर. गरिबीतून वर आलेला हा माणूस मुलामा देण्याच्या कामात तरबेज होता. त्याने बनावट गिन्या आणि फ्रेंच नाणी तयार केली. इतकेच नाही, तर टांकसाळीचा कारभार ढिसाळ आहे आणि तो सुधारण्याची युक्ती आपल्याकडे आहे, असे त्याने थेट संसदेला सांगितले. म्हणजे चोरानेच तिजोरीची किल्ली मागितली.

न्यूटनने दोन वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा केला. साथीदार, त्यांच्या बायका, कैदी अशा अनेकांचे जबाब गोळा केले. मार्च १६९९ मध्ये चॅलोनर दोषी ठरला. शेवटच्या दिवसांत त्याने न्यूटनकडे दयेची याचना केली. न्यूटनने काही केले नाही. टायबर्न इथे त्याला फाशी झाली.

त्याच वर्षी टांकसाळीचा मास्टर वारला आणि ते पद न्यूटनकडे आले. २५ डिसेंबर १६९९, म्हणजे त्याच्या ५७व्या वाढदिवसापासून तो मास्टर झाला. वॉर्डनपेक्षा हे पद जास्त मिळकतीचे होते, पण जबाबदारीही वैयक्तिक होती. प्रत्येक नाण्याच्या वजनाला आणि कसाला मास्टर स्वतः बांधील असे.

२२ कॅरेट म्हणजे नेमके काय?

सोन्याच्या शुद्धतेत कॅरेट म्हणजे चोविसावा भाग. पूर्ण शुद्ध सोने २४ कॅरेट. एखाद्या डागाचे वजनाने २४ भाग केले आणि त्यातले २२ भाग सोने व २ भाग तांबे, चांदी असे इतर धातू असले, तर ते २२ कॅरेट. हा शब्द कॅरोब नावाच्या झाडाच्या बीवरून आला. आपल्याकडे जशी गुंज, तशी भूमध्य समुद्राभोवती कॅरोबची बी वजनाला वापरत. रोमन साम्राज्यातले सॉलिडस हे सोन्याचे नाणे अशा २४ बियांच्या वजनाचे होते.

आता २२ भागिले २४ करा. उत्तर येते ०.९१६६. हजारात सांगायचे तर ९१६. दागिन्यावरचा आकडा तो हाच. त्याच हिशेबाने १८ कॅरेट म्हणजे ७५०. १० ग्रॅमच्या २२ कॅरेट बांगडीत ९.१६ ग्रॅम सोने असायला हवे. तिथे १८ कॅरेटचे सोने दिले गेले, तर ग्राहकाचे १.६६ ग्रॅम सोने गेले. दिसायला दोन्ही पिवळे, वजन तेवढेच.

मुळात मिश्रण करायचेच का? कारण शुद्ध सोने मऊ असते. त्याचे नाणे झिजते, दागिना वाकतो. इंग्लंडने सोळाव्या शतकातच नाण्यांसाठी २२ कॅरेटचे प्रमाण स्वीकारले होते. १६६३ पासून निघालेली गिनीही त्याच कसाची. पुढच्या काळातले सॉव्हरिन हे नाणेही २२ कॅरेटचेच. १९१८ मध्ये तर सॉव्हरिन आपल्या मुंबईतही पाडले गेले.

मराठीत यासाठी शब्द आधीपासून आहेत. सोन्यात मिसळलेल्या हलक्या धातूला हीण म्हणतात. शुद्धतेला कस म्हणतात. ज्याचा कस हीन, ते हिणकस. आणि कस पाहण्याचा काळा दगड म्हणजे कसोटी. आपण परीक्षेला कसोटी म्हणतो, ते सोनाराच्या पेढीवरून आलेले आहे.

सोन्याची अग्निपरीक्षा कशी होते?

कसोटीवर रेघ ओढून, तिच्यावर आम्ल टाकून अंदाज येतो, पण तो अंदाजच. अचूक उत्तरासाठी न्यूटनच्या काळातही आगीचीच पद्धत होती आणि आजही हॉलमार्किंग केंद्रात निर्णायक चाचणी तीच आहे.

आधी दागिन्यातून सोन्याचा छोटा तुकडा घेऊन अतिशय संवेदनशील तराजूवर त्याचे वजन करतात. समजा, ते २५० मिलिग्रॅम आहे. त्यात सोन्याच्या सुमारे अडीच ते तीन पट चांदी घालतात आणि सगळे शिशाच्या पातळ पत्र्यात गुंडाळतात. ही पुडी हाडांच्या राखेच्या किंवा मॅग्नेशियाच्या छोट्या सच्छिद्र वाटीत ठेवून हजार अंश सेल्सिअसच्या वर तापलेल्या भट्टीत सरकवतात.

तिथे शिशाचा हवेशी संयोग होतो. त्याच्याबरोबर तांबे, जस्त वगैरे हीणही ऑक्साइड होते आणि वितळलेल्या अवस्थेत वाटीच्या छिद्रांत मुरते. सोने आणि चांदी मात्र जळत नाहीत. वाटीच्या तळाशी त्यांचा चकचकीत मणी उरतो.

हा मणी ठोकून, लाटून पातळ पट्टी करतात, तिची गुंडाळी करतात आणि नायट्रिक आम्लात उकळतात. चांदी विरघळते, सोने राहते. आधी जास्तीची चांदी घालण्याचे कारण इथे कळते. चांदी कमी असेल तर ती सोन्याच्या आत अडकून राहते आणि आम्ल तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

उरलेले सोने धुऊन, तापवून पुन्हा वजन करतात. ते २२९.२ मिलिग्रॅम भरले, तर २२९.२ भागिले २५० म्हणजे ०.९१६८. कस झाला ९१६.८. डाग पास.

या पद्धतीत एक मेख आहे. थोडी चांदी आत राहू शकते, किंचित सोने वाटीत मुरू शकते. म्हणून ज्याचा कस पक्का माहीत आहे असा नमुना त्याच भट्टीत सोबत ठेवतात आणि त्याच्याशी तुलना करून उत्तर दुरुस्त करतात. सगळी भिस्त त्या नमुन्यावर. न्यूटनची कहाणी इथेच येऊन अडते.

१७१० मध्ये काय घडले?

इंग्लंडमध्ये टांकसाळीवर विश्वास ठेवण्याऐवजी तिची परीक्षा घेण्याची पद्धत तेराव्या शतकापासून आहे. पाडलेल्या नाण्यांतून ठरावीक नमुने काढून एका कुलूपबंद पेटीत टाकले जातात. या पेटीला पिक्स म्हणतात. ठरल्या वेळी सरकारी अधिकाऱ्यांसमोर पेटी उघडते. लंडनच्या सोनारांच्या संघातले पंच ती नाणी वितळवून त्यांचा कस तपासतात आणि प्रमाण म्हणून जपून ठेवलेल्या सोन्याच्या पत्र्याशी त्याची तुलना करतात. पिक्सची ही परीक्षा आजही दरवर्षी होते.

ही औपचारिकता नव्हती. ११२४ मध्ये पहिल्या हेन्री राजाने खराब नाणी पाडल्याबद्दल टांकसाळवाल्यांचे उजवे हात तोडले होते. न्यूटनच्या काळात हात तुटत नसत, पण नाव आणि नोकरी पणाला लागत असे.

१७१० च्या परीक्षेत पंचांनी निकाल दिला की न्यूटनची सोन्याची नाणी प्रमाणापेक्षा कमी कसाची आहेत. फरक अगदी किंचित होता. पण तेव्हा न्यूटन ६७ वर्षांचा होता. रॉयल सोसायटीचा अध्यक्ष होता, राणी ॲनने त्याला सर ही पदवी दिली होती. अचूकतेसाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या माणसाचे मोजमाप चुकले, असा त्या निकालाचा अर्थ होता. आणि बनावट नाण्यांसाठी इतरांना फासावर पाठवणाऱ्या अधिकाऱ्यासाठी तो विशेष बोचरा होता.

चूक नाण्याची की मोजपट्टीची?

न्यूटनने नाण्यांऐवजी तुलनेचा पत्राच तपासायला घेतला. इंग्लंड आणि स्कॉटलंड १७०७ मध्ये एक झाले. त्याच वर्षी सोनारांच्या पंचांनी प्रमाण म्हणून सोन्याचा नवा पत्रा तयार केला होता. १७१० ची तुलना या नव्या पत्र्याशी झाली होती. त्याआधीचा पत्रा १६८८ चा होता.

न्यूटनने त्यांचा कस लावला आणि निष्कर्ष काढला की नवा पत्रा बरोबर २२ कॅरेटचा नाही, त्याहून थोडा जास्त चोख आहे. मग त्याच्याशी तुलना केलेले योग्य कसाचे नाणेही कमीच दिसणार. फूटपट्टीच लांब निघाली तर कापड आखूड भरते, तसे हे.

आपली बाजू मांडण्यासाठी त्याने टिपणांचे खर्ड्यांवर खर्डे लिहिले. अखेर १७०७ चा पत्रा बाजूला पडला आणि १६८८ चा पत्रा पुन्हा वापरात आला. १७१३ च्या परीक्षेत न्यूटनची नाणी उत्तीर्ण झाली. १७०७ चा पत्रा खरोखरच नेमक्या प्रमाणापेक्षा थोडा जास्त चोख होता, हे पुढच्या काळातल्या तपासण्यांतूनही दिसले.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. आपल्याविरुद्ध निकाल गेल्यावर मोजपट्टीला दोष देणे प्रत्येकालाच सोयीचे असते. न्यूटन भांडखोर होता आणि आपली चूक सहजासहजी मान्य करणारा नव्हता. पण त्याने फक्त तक्रार केली नाही. त्याने पत्रा पुन्हा आगीत घातला आणि आकडा दाखवला. म्हणून त्याचे म्हणणे टिकले.

न्यूटनच्या अहवालात भारत कुठून आला?

१७१७ मध्ये त्याने सोने आणि चांदीच्या भावांवर अहवाल दिला. इंग्लंडमध्ये चांदीच्या तुलनेत सोने महाग धरले जाते, असे त्याने दाखवले. चीन आणि जपानमध्ये एक वजन सोन्याला नऊ-दहा वजने चांदी मिळते, भारतात सुमारे बारा, तर इंग्लंडमध्ये त्याहून बरीच जास्त. त्यामुळे व्यापारी चांदी पूर्वेकडे पाठवत आणि देशात सोने उरत असे. अहवालानंतर गिनीची किंमत २१ शिलिंग ठरली. तरीही सोने थोडे महागच राहिले, चांदी बाहेर जात राहिली आणि इंग्लंडचा व्यवहार हळूहळू सोन्याच्या नाण्यावर स्थिरावला.

आज आपल्या दागिन्याची मोजपट्टी कुठे आहे?

भारतातही १७०७ च्या पत्र्यासारखा प्रश्न आहेच. प्रयोगशाळा कोणत्या सोन्याशी तुलना करणार? त्यासाठी मुंबईची सरकारी टांकसाळ, भाभा अणुसंशोधन केंद्र आणि राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांनी मिळून ९९.९९ टक्के शुद्ध सोन्याचा प्रमाणित नमुना तयार केला. त्याचे नाव बीएनडी-४२०१.

दुकानात दागिना ठेवून दोन मिनिटांत कॅरेट सांगणारे यंत्र मात्र वेगळे. ते दागिन्यावर क्ष-किरण सोडते. प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत फेकते, त्यावरून कुठला धातू किती आहे ते कळते. दागिना तोडावा लागत नाही, हा त्याचा फायदा. पण ते फक्त पृष्ठभागाचा काही मायक्रॉनचा थर वाचते. वर जाड मुलामा असेल तर आतले कळत नाही. पाण्यात बुडवून घनता काढण्याच्या पद्धतीलाही मर्यादा आहे. सोन्याची घनता १९.३ आणि टंगस्टनची जवळपास तेवढीच, १९.२५. म्हणून वाद झाला की शेवटचा शब्द आगीचा.

ग्राहकाने काय पाहावे?

- हॉलमार्कमध्ये तीन खुणा असतात : बीआयएसचे त्रिकोणी चिन्ह, कॅरेट व कस (उदा. २२के९१६) आणि अक्षरे-आकडे मिळून सहा खुणांचा एचयूआयडी क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून विक्रीसाठी हा क्रमांक बंधनकारक आहे.
- बीआयएस केअर या ॲपमध्ये तो क्रमांक टाका. दागिन्याचा प्रकार आणि कस समोर येतो. हातातला डाग अंगठी आणि ॲपमध्ये बांगडी दिसली, तर तिथेच थांबा.
- दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे डाग, तसेच कुंदन, पोलकी आणि जडाऊ दागिने यांना हॉलमार्कच्या सक्तीतून सूट आहे. तिथे बिलावर कस लिहून घ्या.
- शंका असेल तर मान्यताप्राप्त केंद्रात शुल्क भरून दागिना तपासून घेता येतो. कस कमी निघाला, तर जितके सोने कमी भरले त्याच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे.

शेवट

जुन्या पंचांगानुसार २० मार्च १७२७ रोजी, वयाच्या ८४व्या वर्षी न्यूटन वारला. तेव्हाही तो टांकसाळीचा मास्टर होता. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्याचे दफन झाले. त्याच्या थडग्याच्या स्मारकावर कोरलेल्या दृश्यांत लहान मुले त्याची उपकरणे हाताळताना दिसतात. त्यात दुर्बीण आहे, लोलक आहे. शिवाय एक भट्टी आहे आणि नवी पाडलेली नाणीही आहेत.

पुढच्या वेळी सराफ म्हणाला की चोख आहे, तर भिंग मागून घ्या आणि क्रमांक ॲपमध्ये टाकून बघा. त्यात दुकानदाराचा अपमान नाही. न्यूटनच्या नाण्यांचाही कस लावून पाहिला गेला होता.